कृष्ण ऊर्जा नकोच, गुरुत्वच बदलतं असं मानलं तर?

धागाकर्ती: कृत्तिका

"गुरुत्वाकर्षण काळानुसार बदलत गेलं, म्हणून कृष्ण ऊर्जेची गरजच नाही" अशा अर्थाचे लेख हल्ली वारंवार समोर येतात. ही कल्पना झटकून टाकण्यासारखी नाही आणि वाचल्या वाचल्या मान डोलवावी अशीही नाही. तिच्यात दोन निरनिराळे दावे एकमेकांत गुंतलेले असतात. ते सुटे केले तरच पुढचं बोलणं शक्य आहे, म्हणून हा धागा.

आधी मूळ निरीक्षण. १९९८ साली दोन स्वतंत्र गटांनी दूरच्या 'वन-ए' प्रकारच्या सुपरनोव्हांची, म्हणजे मूळ तेज जवळपास सारखं असणाऱ्या ताऱ्यांच्या स्फोटांची, तेजस्विता तपासली. विश्वाचा विस्तार मंदावतो आहे असं धरून जेवढं तेज दिसायला हवं होतं, त्यापेक्षा ते स्फोट मंद निघाले. फरक साधारण २० टक्क्यांच्या आसपास. मंद म्हणजे जास्त दूर आणि जास्त दूर म्हणजे विस्ताराचा वेग वाढतोय, असा तो निष्कर्ष. हा वेग वाढवणारं जे काही असेल, त्याला कृष्ण ऊर्जा म्हणतात. सॉल पर्लमटर, ब्रायन श्मिट आणि अॅडम रीस यांना त्यासाठी २०११ चं नोबेल मिळालं. आजच्या मान्य प्रारूपात विश्वातल्या एकूण ऊर्जेचा जवळपास ७० टक्के हिस्सा या कृष्ण ऊर्जेचा आहे. ती नक्की काय आहे हे कोणाला सांगता येत नाही. तिला निर्वात पोकळीची ऊर्जा मानावं, तर पुंजभौतिकीतून (क्वांटम फिजिक्समधून) येणारा ढोबळ अंदाज निरीक्षणापेक्षा दहाच्या सुमारे १२० व्या घाताइतका मोठा येतो. हे असं असताना "मग गुरुत्वाचाच नियम तपासून बघू" असं कोणाला वाटलं तर ते अगदी रास्त आहे.

आता पहिला दावा: न्यूटनचा गुरुत्व स्थिरांक 'जी', म्हणजे गुरुत्वाची ताकद ठरवणारा आकडा, हा स्थिरांक नाहीच, तो काळानुसार घटतो. हा विचार कृष्ण ऊर्जेच्या कितीतरी आधीचा, १९३७ चा, पॉल डिरॅक यांचा. प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांच्यातलं विद्युतबल त्यांच्यातल्या गुरुत्वबलाच्या दहाच्या ३९ व्या घाताइतकं मोठं आहे. अणूच्या मापात विश्वाचं वय मोजलं तर तेही त्याच घाताच्या आसपास येतं. डिरॅक यांना हा योगायोग वाटला नाही. विश्वाचं वय वाढतं, तर 'जी'ही त्याच प्रमाणात घटत असला पाहिजे, असं त्यांनी सुचवलं. आजचं १३.८ अब्ज वर्षांचं वय घेतलं तर ही घट अब्ज वर्षांत सुमारे ७ टक्के भरते. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो लागणार आहे.

१९४८ मध्ये एडवर्ड टेलर यांनी यावर घेतलेला आक्षेप मला फार आवडतो, कारण त्याला दुर्बीणसुद्धा लागत नाही. सूर्याचं तेज 'जी'च्या साधारण सातव्या घाताने वाढतं. 'जी' मोठा असता तर पृथ्वीची कक्षाही सूर्याच्या जवळ असती, म्हणजे पृथ्वीवर पोचणारी उष्णता नवव्या घाताने वाढते. दोन अब्ज वर्षांपूर्वी 'जी' १७ टक्क्यांनी जास्त होता असं मानून हिशेब करा: उष्णता चौपट, आणि पाणी द्रवरूपात टिकणं अवघड. खडकांतले पुरावे मात्र सांगतात की तेव्हा समुद्र होते आणि त्यांत जीवही होते.

शिवाय सापेक्षतावादाच्या समीकरणांत 'जी'च्या जागी नुसता बदलता आकडा लिहिता येत नाही. समीकरणाची वक्रतेची बाजू अशी बांधलेली आहे की ऊर्जा-संवेगाची अक्षय्यता तिच्यातूनच निघते. आकडा बदलला की हिशेब जुळत नाही. मग बदल वाहून नेणारं एक नवं क्षेत्र (फील्ड, म्हणजे सगळ्या अवकाशात पसरलेली आणि बदलू शकणारी राशी) घ्यावं लागतं, त्याला स्वतःची ऊर्जा असते. १९६१ चा ब्रान्स आणि डिकी यांचा सिद्धान्त नेमका असाच आहे. म्हणजे कृष्ण ऊर्जा एका दाराने बाहेर काढली की दुसऱ्या दाराने एक क्षेत्र आत येतंच. हा दोष नाही, पण "काही नवं मानावं लागत नाही" हा प्रचार त्यामुळे खरा राहत नाही.

सुपरनोव्हांशी 'जी'चा संबंध मात्र थेट आहे आणि विलक्षण आहे. श्वेतबटू तारा (आयुष्य संपलेल्या ताऱ्याचा उरलेला दाट गाभा) चंद्रशेखर मर्यादेपाशी, म्हणजे १.४ सूर्यवस्तुमानांपाशी पोचला की स्फोट होतो असं ढोबळमानाने धरू. ही मर्यादा 'जी'च्या दीडाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. पूर्वी 'जी' मोठा असेल तर मर्यादा लहान, इंधन कमी, स्फोट मंद! म्हणजे अंतर तेवढंच असूनही सुपरनोव्हा मंद दिसेल आणि आपण उगाच विस्ताराचा वेग वाढला असं म्हणू. १९९९ मध्येच काही संशोधकांनी हा मुद्दा मांडला होता. आकडे घालून पाहू. २० टक्के मंदपणा यायला पाच अब्ज वर्षांपूर्वी 'जी' साधारण १६ टक्क्यांनी जास्त हवा. म्हणजे अब्ज वर्षांत तीन टक्क्यांहून थोडी जास्त घट.

दुसरा दावा वेगळा आहे: 'जी' काळानुसार नव्हे, तर अंतराच्या पट्टीनुसार बदलतो. सूर्यमालेत आइन्स्टाइन बरोबर, पण अब्जावधी प्रकाशवर्षांच्या पल्ल्यावर गुरुत्वाचा नियमच निराळा. एफ-आर सिद्धान्त, डीजीपी, गॅलिलिऑन ही सगळी मंडळी इथली.

माझं मत आधीच सांगते. पहिला दावा त्याच्या साध्या रूपात टिकत नाही. दुसरा जिवंत आहे, पण विस्ताराचा आलेख जुळवून दाखवणं ही त्याची खरी परीक्षा नव्हे. दीर्घिकांची जाळी कशी वाढत गेली, हे जुळवणं ही खरी परीक्षा. यावर चर्चा व्हावी.

पाटीपेन्सिल

सुंदर लिहिलंय. एक प्रश्न: अब्ज वर्षांत ३ टक्के म्हणजे आपल्या आयुष्यात जवळजवळ शून्य. ते नाही असं मोजून कसं सांगणार? प्रयोगशाळेत तर 'जी'चे तीन-चार अंकच धड जुळतात असं वाचलंय.

कृत्तिका

@पाटीपेन्सिल, प्रयोगशाळेतला तुमचा मुद्दा बरोबर आहे. कॅव्हेंडिश यांच्या १७९८ च्या प्रयोगापासून आजवर 'जी' हा सगळ्यांत कमी अचूकतेने माहीत असलेल्या मूलभूत स्थिरांकांपैकी एक राहिला आहे, आणि वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे आकडे एकमेकांशी पटत नाहीत. पण इथे 'जी'ची किंमत नको आहे, तिच्यातला बदल हवा आहे. तो चंद्र सांगतो.

१९६९ मध्ये अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर परावर्तक ठेवला. नंतर अपोलो १४, १५ आणि दोन रशियन लुनोखोद गाड्यांवरचे परावर्तक आले. लेसरचा झोत जाऊन परत यायला अडीच सेकंद लागतात आणि त्यावरून चंद्राचं अंतर आता मिलिमीटरच्या पातळीवर मोजलं जातं. भरती-ओहोटीमुळे चंद्र दर वर्षी ३.८ सेंटिमीटर दूर जातोच. डिरॅक यांच्या वेगाने 'जी' घटत असता तर आणखी सुमारे २.७ सेंटिमीटरची भर पडली असती. या दोन गोष्टी वेगळ्या ओळखताही येतात. भरतीमुळे कक्षा वाढली तर परिभ्रमणकाळ अंतराच्या दीडाव्या घाताने वाढतो, 'जी' घटल्यामुळे वाढली तर दुसऱ्या घाताने.

पन्नास वर्षांच्या मोजमापांचा निकाल असा की अब्ज वर्षांत एक-दोन शतांश टक्क्यांपेक्षा जास्त बदल दिसत नाही. बुधाभोवती फिरलेल्या मेसेंजर यानाच्या नोंदींवरून २०१८ मध्ये आलेली मर्यादा याहूनही घट्ट आहे. सुपरनोव्हांना लागतो तो बदल ३ टक्क्यांचा, म्हणजे शेकडो पटींनी जास्त.

ध्रुवमत्स्य

बदलत्या गुरुत्वाचा विषय आणि नारळीकरांचं नाव नाही, हे कसं चालेल? १९६४ मध्ये फ्रेड हॉइल आणि जयंत नारळीकर यांनी गुरुत्वाचा स्वतंत्र सिद्धान्त मांडला. पाया माखच्या तत्त्वाचा: एखाद्या कणाचं वस्तुमान हा त्याचा एकट्याचा गुण नाही, विश्वातल्या बाकी सगळ्या कणांमुळे ते त्याला मिळतं. हे मानलं की 'जी' बदलण्याची शक्यता बाहेरून चिकटवावी लागत नाही, ती सिद्धान्ताच्या पोटातून येते. सत्तरच्या दशकात त्यांनी घटत्या 'जी'ची प्रारूपंही तपासली.

१९९८ नंतरही नारळीकर प्रवाहाबरोबर गेले नाहीत. सुपरनोव्हांच्या मंदपणाला त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दुसरं कारण सुचवलं, दीर्घिकांच्या मधल्या अवकाशातले धातूचे सुईसारखे बारीक कण प्रकाश शोषून घेत असावेत. बहुतेक खगोलशास्त्रज्ञांना ते पटलं नाही आणि पुढच्या निरीक्षणांनी त्याला आधार दिला नाही. पण एकाच निरीक्षणाचं एकच स्पष्टीकरण असतं असं धरून चालायचं नाही, ही शिस्त त्यांनी २०२५ मध्ये आपल्यातून जाईपर्यंत सोडली नाही. मला त्याचं मोल फार वाटतं.

सांजवारा

मला एक कळत नाही. 'जी' कमी होत गेला तर ओढ कमी, ओढ कमी तर विस्तार वेगात. इतकं सरळ आहे ना?

कृत्तिका

@सांजवारा, न्यूटनच्या भाषेत बोलायचं तर ब्रेक सैल केल्याने गाडीचा वेग वाढत नाही, फक्त ती कमी मंदावते. 'जी' अगदी शून्यावर आणला तरी विस्तार एकाच वेगाने चालू राहील, वाढणार नाही. वेग वाढायला ढकलणारं काहीतरी लागतं. बदलत्या 'जी'च्या सिद्धान्तांत ते काम त्या नव्या क्षेत्राच्या ऊर्जेला करावं लागतं. म्हणून मी म्हटलं की एक क्षेत्र आत येतंच.

रोहिणीशकट

चंद्राचा पुरावा पक्का आहे, पण एक पळवाट राहते आणि ती गंभीर आहे. चंद्र आणि पृथ्वी आकाशगंगेच्या आत आहेत, दाट वस्तीत. विश्वाच्या पोकळ भागांत 'जी' वेगळा असेल आणि इथे तो दबला असेल तर? या दबण्याच्या यंत्रणेला इथे 'आवरण' म्हणतो. १९७२ मध्ये वाइनश्टाइन यांनी एक यंत्रणा दाखवली होती. २००४ मध्ये खुरी आणि वेल्टमन यांनी 'सरडा' क्षेत्र मांडलं, आजूबाजूची घनता वाढली की त्या क्षेत्राचा पल्ला आखूड होतो. त्यामुळे सूर्यमालेत ते जवळजवळ अदृश्य होतं. कॅसिनी यानाच्या रेडिओ संदेशांवरून २००३ मध्ये झालेली चाचणी, ज्यात ब्रान्स-डिकी सिद्धान्ताचा मोकळा आकडा ४०,००० च्या वर ढकलला गेला आणि तो सिद्धान्त आइन्स्टाइनपासून वेगळा ओळखताच येईनासा झाला, तीही हे क्षेत्र पार करू शकतं.

पण इथेच एक फार महत्त्वाचा निष्कर्ष आहे, ज्याची लोकप्रिय लेखांत कधी वाच्यता होत नाही. २०१२ मध्ये वांग, हुई आणि खुरी यांनी गणिताने दाखवलं की सरड्यासारखं क्षेत्र आकाशगंगेत पुरेसं दबायचं असेल तर त्याचा पल्ला विश्वाच्या सरासरी घनतेतसुद्धा तीसेक लाख प्रकाशवर्षांच्या आतच राहतो. विश्वाच्या विस्तारासमोर हे अंतर नगण्य आहे. म्हणजे असं क्षेत्र गुरुत्व बदलेल, दीर्घिकांच्या समूहांत आपली खूण ठेवेल, पण विश्वाचा वेग स्वतःच्या बळावर वाढवू शकणार नाही. त्यासाठी वेगळी कृष्ण ऊर्जा लागतेच! लक्षात घ्या, यातले खुरी हेच त्या कल्पनेच्या जनकांपैकी एक. स्वतःच्या कल्पनेची हद्द त्यांनी स्वतः आखली.

नवाकोरा

वाचतोय. विषय अवघड आहे पण धागा सुटत नाहीये. विश्वाचं वय २६.७ अब्ज वर्षं असल्याची बातमी २०२३ मध्ये आली होती, त्यातही स्थिरांक बदलत होते ना? त्याचं काय झालं?

ध्रुवमत्स्य

@नवाकोरा, ते ओटावा विद्यापीठाचे राजेंद्र गुप्ता. त्यांच्या प्रारूपात 'जी', प्रकाशाचा वेग असे अनेक स्थिरांक मिळून बदलतात, आणि जोडीला दूरवरून येताना प्रकाश थकतो अशी जुनी कल्पना आहे. ताम्रसृतीचा (दूरचा प्रकाश लाल रंगाकडे सरकण्याचा) एक भाग विस्तारामुळे, एक भाग थकव्यामुळे. अडचण अशी की थकव्याने प्रकाश लाल होतो, पण घटना संथ होत नाहीत. विस्ताराने दोन्ही होतं. 'डार्क एनर्जी सर्व्हे' या आकाश-सर्वेक्षणाने सुमारे १,५०० सुपरनोव्हांवर हेच तपासलं आणि २०२४ मध्ये निकाल दिला: स्फोट मावळायला लागणारा काळ विस्ताराच्या प्रमाणात जेवढा ताणला जायला हवा तेवढाच ताणलेला आहे, एखाद-दुसऱ्या टक्क्याच्या अचूकतेने. थकव्याला त्यात जागा फार थोडी उरते. शिवाय २६ अब्ज वर्षांच्या विश्वात १८ किंवा २० अब्ज वर्षांचे तारे कुठेतरी सापडायला हवेत, ते सापडत नाहीत.

शर्मिष्ठा

कृत्तिकाने वाढीच्या परीक्षेचा नुसता उल्लेख केला आहे, मला तो भाग उलगडावासा वाटतो, कारण या सगळ्या वादाचा जीव तिथे आहे.

विस्ताराचा आलेख हा एका फलनाचा आलेख असतो. पुरेसं लवचीक क्षेत्र घेतलं तर कुठलाही आलेख त्यातून काढता येतो. म्हणून "आमचं प्रारूप सुपरनोव्हांशी जुळतं" एवढ्यावर काहीच ठरत नाही. पण विश्वात वस्तू विस्तारासोबत नुसत्या दूर जात नाहीत, त्या एकत्रही येतात. गुठळ्या किती वेगाने वाढतात हे गुरुत्वाच्या नियमावर ठरतं. आइन्स्टाइनच्या नियमाखाली वाढीचा दर पदार्थाच्या प्रमाणाच्या ०.५५ घाताने जातो. डीजीपी प्रारूपात, जिथे गुरुत्व पाचव्या मितीत झिरपतं, हाच घात ०.६८ च्या आसपास येतो. म्हणजे दोन प्रारूपांचा विस्तार अगदी सारखा असला तरी दीर्घिकांची जाळी वेगळी विणली जाईल. हे मोजता येतं. दीर्घिका एकमेकींकडे ओढल्या जाताना त्यांच्या ताम्रसृतीत जो फरक पडतो, त्यामुळे नकाशात गुठळ्या चपट्या दिसतात. किती चपट्या, त्यावरून वाढीचा दर निघतो.

दुसरी खूण आणखी नेमकी आहे. गुरुत्वाचं वर्णन करायला खरं तर दोन विभव (पोटेन्शियल, म्हणजे जागोजागची गुरुत्वाची पातळी सांगणाऱ्या राशी) लागतात. संथ चालणाऱ्या दीर्घिका त्यातलं एकच ओळखतात, प्रकाश मात्र दोघांच्या बेरजेने वाकतो. आइन्स्टाइनच्या सिद्धान्तात ही दोन्ही आज सारखी असतात. एफ-आर सिद्धान्तात नसतात: तिथे आवरण नसलेल्या जागी दीर्घिकांना जाणवणारी ओढ एक-तृतीयांशापर्यंत वाढू शकते, पण प्रकाशाचं वाकणं जवळजवळ तेवढंच राहतं. म्हणून एकाच दीर्घिकासमूहाचं वस्तुमान दोन रीतींनी काढा, एकदा दीर्घिकांच्या गतीवरून आणि एकदा गुरुत्वीय भिंगावरून. तफावत आली तर गुरुत्व बदललं. कृष्ण ऊर्जेचं नुसतं प्रमाण बदलून ही तफावत तयार करता येत नाही. आजवरच्या मोजमापांत आइन्स्टाइनला बाधा आणणारी तफावत दिसलेली नाही. २०२३ मध्ये झेपावलेली युक्लिड दुर्बीण अशाच मोजमापांसाठी बांधलेली आहे.

सुपरनोव्हांबद्दल एक भर घालते. 'जी' मोठा म्हणजे स्फोट मंद, हे इंधनापुरतं खरं. पण आपण सुपरनोव्हांचं कच्चं तेज वापरत नाही, प्रकाश मावळण्याच्या वेगावरून ते दुरुस्त करतो. २०१८ मध्ये राइट आणि ली यांनी ही दुरुस्ती धरून गणित केलं तेव्हा दिशा उलटी निघाली, 'जी' मोठा असेल तर दुरुस्त केलेलं तेज जास्त येतं. म्हणजे तो १६ टक्क्यांचा हिशेब, चंद्राने नाकारला नसता तरी, या गणितात उभा राहिला नसता.

पाटीपेन्सिल

@शर्मिष्ठा, हे मला कुठेच वाचायला मिळालं नव्हतं. मनापासून आभार.

आणि ते २०१७ चं प्रकरण? त्यात बरीच प्रारूपं एका दिवसात गेली म्हणतात.

रोहिणीशकट

हो. १७ ऑगस्ट २०१७. सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवर दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले. गुरुत्वीय लहरी (अवकाशातले सूक्ष्म तरंग) पोचल्या आणि १.७ सेकंदांनी गॅमा किरण. इतक्या लांबच्या प्रवासानंतर दोन सेकंदांचाही फरक नाही, म्हणजे दोघांचा वेग साधारण दहा कोटी कोटींत एक भाग इतपत सारखा. गॅलिलिऑनच्या अनेक गुंतागुंतीच्या प्रारूपांत गुरुत्वीय लहरींचा वेग प्रकाशापेक्षा वेगळा असायला हवा होता. विश्वाचा वेग वाढवायची ताकद ज्यांच्यात होती, नेमकी तीच प्रारूपं बाद झाली. यातलं सगळ्यांत साधं घनघाती प्रारूप या चाचणीत वाचलं होतं, पण पार्श्वप्रारण (विश्वाच्या सुरुवातीच्या काळातून येणारं मंद प्रारण) आणि दीर्घिका यांच्या एकत्रित नोंदींनी ते त्याच वर्षी अडचणीत आणलं होतं.

सांजवारा

म्हणजे विषय संपला?

कृत्तिका

@सांजवारा, नाही, आणि त्याला कारण आहे डेसी, म्हणजे दीर्घिकांचा त्रिमितीय नकाशा बनवणारा प्रकल्प. मार्च २०२५ मध्ये डेसीने तीन वर्षांच्या नोंदी जाहीर केल्या, १ कोटी ४० लाखांहून अधिक दीर्घिका आणि क्वेसार (दूरच्या दीर्घिकांची अतितेजस्वी केंद्रं). पार्श्वप्रारण आणि सुपरनोव्हांसोबत या नोंदी ठेवल्या तर कृष्ण ऊर्जा स्थिर नसून क्षीण होत असल्याची चिन्हं दिसतात. सुपरनोव्हांचा कोणता संच घ्याल त्यानुसार खात्री २.८ ते ४.२ सिग्मा (सिग्मा जितके जास्त, तितकी निव्वळ योगायोगाची शक्यता कमी). पाच सिग्मा नाही, त्यामुळे हा शोध म्हणता येणार नाही.

पण त्या संकेताचा आकार बघण्यासारखा आहे. कृष्ण ऊर्जेचा दाब आणि घनता यांचं गुणोत्तर (ती स्थिर असेल तर नेमकं उणे एक) पूर्वी उणे एकच्या खाली होतं आणि आता वर आलंय, असं जुळणी सांगते. साधं एकटं क्षेत्र उणे एकची ही रेषा ओलांडूच शकत नाही. गुरुत्वाशी थेट जोडलेलं क्षेत्र मात्र ती ओलांडल्यासारखं दिसू शकतं. म्हणून २०२५ नंतर बदलत्या गुरुत्वाच्या प्रारूपांकडे लोक पुन्हा गांभीर्याने वळले आहेत, आणि यावेळी हाताशी निरीक्षण आहे. अडचण एवढीच की त्याच डेसीने २०२४ च्या अखेरीस पहिल्या वर्षाच्या नोंदींवरून गुठळ्यांची वाढ तपासली, तेव्हा ती आइन्स्टाइनच्या नियमाशी सुसंगत निघाली. म्हणजे जे काही बदलतंय त्याने विस्तारावर ठसा उमटवायचा पण वाढीवर फारसा नाही. या अटीत बसणारी प्रारूपं फार थोडी आहेत. तीन वर्षांच्या नोंदींवरून वाढीचं हेच विश्लेषण काय सांगतं, त्याची मी वाट पाहते आहे.

नवाकोरा

गुरुत्वीय लहरींवरून आणखी काही कळू शकतं का? वेग सोडून?

रोहिणीशकट

@नवाकोरा, कळू शकतं. लहर दूर जाताना क्षीण होते, आणि वाटेत 'जी' बदलत गेला असेल तर ती प्रकाशापेक्षा वेगळ्या प्रमाणात क्षीण होईल. मग त्याच टकरीचं अंतर लहरींवरून एक आणि प्रकाशावरून दुसरं येईल. या तुलनेत लहर बहुतांश वाट दीर्घिकांच्या मधल्या विरळ पोकळीतून कापते, त्यामुळे चंद्राच्या पुराव्याला लागू होणारी आवरणाची पळवाट इथे बरीच बंद होते. २०१७ ची टक्कर फार जवळची होती, तेवढ्या अंतरात फरक साठत नाही. लांबच्या टकरी हव्यात, आणि प्रत्येकीचा प्रकाशही सापडायला हवा. लहरी आणि प्रकाश दोन्ही खात्रीने मिळालेली न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर आजवर तीच एक आहे.